कोठीखालचा मालक बदलला

तुरीची सोंगणी आटोपली की मला उंदरांची पत्रं येऊ लागतात. दरवर्षीचं आहे. जुलैत साप, ऑक्टोबरात अळ्या, जानेवारी-फेब्रुवारीत उंदीर. एकतीस वर्षं मी अकरावी-बारावीला प्राणिशास्त्र शिकवलं. आता आर्णी तालुक्यात सहा एकर वावर पाहतो आणि घरात टिनाच्या दोन कोठ्या आहेत, म्हणजे या प्राण्याशी माझा संबंध दोन्ही बाजूंनी येतो. यावेळी सहा पत्रं घेतली. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण ते नीट पाहून लिहिलेलं आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

सर, दिवाळीपासून आमच्या कोठीखाली एक उंदीर होता, चांगला गबरू. पिंजऱ्यात गावला तं पोरानं त्याले नाल्यापल्याड नेऊन सोडलं. वाटलं सुटलो. पण तिसऱ्या रातीपासून कोठीखाली अशी चीं-चीं लागली का डोळ्याले डोळा नाही. एक होता तवा आवाज नव्हता, आता पाच झाले काय? अन् परवा कट्ट्यामागं दोन पिल्लं मेलेली दिसली, डोक्याशी चावलेली. घरात मांजर नाही. मंग हे कोणं केलं?
— एक कास्तकार, ता. दारव्हा

पिल्लं उंदरानंच मारली, भाऊ. आणि ज्यानं मारली त्याला दार बहुधा तुमच्या पोरानंच उघडून दिलं, नाल्यापल्याड फेरी केली त्या दिवशी.

आधी एक दुरुस्ती. कोठीखाली एक उंदीर नव्हता, तुम्हाला एक दिसत होता. घरातल्या उंदरांचं बिऱ्हाड असं असतं: एक दांडगा नर, काही माद्या, त्यांची पिल्लं आणि कोपऱ्यात दबून राहणारे एखाद-दोन हलके नर. माद्या बरेचदा नात्यातल्या असतात, एकाच घरट्यात पिल्लं घालतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळ एका जुन्या गोठ्यात २००२ पासून अशा मोकळ्या उंदरांची पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवलेली आहे, तिथं हे वारंवार दिसलं. धान्य हाताशी असलं तर हे सगळं राज्य आपल्या माजघराएवढंही नसतं. न्हाणीच्या बाजूला दुसऱ्या नराचं राज्य. दोघांची हद्द पक्की आहे तोवर घर शांत, आणि आपल्याला वाटतं, उंदीर कमी आहेत.

ही हद्द मुतानं लिहिलेली असते. दोन वर्षांखाली मी किराणा दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा एका रात्रीपुरता मागून आणला. दुकानदारानं विचारलं, "कशाले पायजे, सर?" मी खरं ते सांगितलं. त्यानं दिवा दिला, पण परत घेताना फडक्यात धरून घेतला. त्या उजेडात उंदराचं वाळलेलं मूत निळसर चमकतं. आमच्या कोठीखालच्या फळीवर ठिपकेच ठिपके होते, मोहरीएवढे, भिंतीच्या कडेकडेनं. आणि मागच्या कोपऱ्यात, पोत्याआड, दोन मोठे डाग. १९७३ साली अमेरिकेत हाच प्रयोग पिंजऱ्यात कागद अंथरून रीतसर झाला होता. जिंकलेला नर रात्रभर थेंब थेंब टाकत सगळीकडे फिरतो, हरलेला कोपऱ्यात मोजक्या ठिकाणी मुतून मोकळा होतो. म्हणजे आमच्या फळीवर मालक आणि कूळ, दोघांच्याही सह्या होत्या.

या थेंबात उंदीर भरपूर प्रथिनं घालतो. माणसाच्या लघवीत इतकी सापडली तर डॉक्टर ताबडतोब किडनीच्या तपासण्या लिहून देतील. उंदराला त्यांचा उपयोग असा, की उडून जाणारा वास ती धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात, कानातल्या अत्तराच्या फायासारख्या. शिवाय मोकळ्या राहणाऱ्या उंदरांत या प्रथिनांचा संच उंदरागणिक वेगळा. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर एकाच वाणाचे असले तर तो जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे ही गोष्ट तिथं बरीच वर्षं नजरेआड राहिली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट यांच्या गटानं २०१० साली यातलं एक नराचं प्रथिन ओळखलं आणि एका जुन्या कादंबरीतल्या रुबाबदार नायकावरून त्याला डार्सिन नाव दिलं. मादीनं त्या थेंबाला नाक लावलं की त्या नराचा वास तिच्या लक्षात बसतो. जागासुद्धा बसते. तिथून थेंब काढून टाकला तरी ती जागा ती १४ दिवस विसरत नाही. आपण फिनाइलनं फळी पुसतो आणि समजतो, खूण मिटली.

आता तुमची तिसरी रात्र. शेजारचा नर हद्दीवर येऊन हुंगत असतोच. मालकाचा ताजा थेंब मिळाला की मागे फिरतो. त्यानं हिंमत करून आपला थेंब टाकलाच तर मालक त्याच्यालगत आपला टाकतो, आणि मादी हुंगून पाहते की ताजा कोणाचा. तुमच्या पोरानं मालक उचलला. ताजा थेंब पडायचा थांबला. ही बातमी शेजाऱ्याला लागली, त्याच्या शेजाऱ्याला लागली, आणि कोपऱ्यात दबून बसलेल्या त्या कुळालाही लागली. वारस तीन आणि कोठी एक. आपल्याकडे धुऱ्यावरून काय काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

ती मारामारी पाहायची असेल तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांधा. उंदराला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही, मंद लाल उजेडात तो अंधारातल्यासारखाच वागतो. मी गोठ्यात बाजेवर बसून असं पाहिलेलं आहे. चढाई करणारा आधी शेपूट थरथरवतो. कुटारात ती अशी वाजते की साप सळसळला वाटावं. मग झेप, गोळा, आणि पळापळ. हरणारा पळायला जागा नसली की मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पाय समोर धरून, चक्क हात जोडल्यासारखा. तुम्ही ऐकता ती चीं-चीं बहुतेक त्याची. जिंकणारा मागून चावतो, म्हणून हरलेल्याच्या खुणा पाठीवर आणि शेपटीच्या बुडाशी असतात. पुढचा उंदीर पिंजऱ्यात आला की तिथं पाहा. खरुजलेलं, तुटलेलं दिसलं तर समजा, मालक अजून बाहेरच आहे.

पिल्लांचं आता. नवा नर परक्याची पिल्लं दिसली की बरेचदा मारतो. त्यांना पाजणारी मादी मोकळी झाली की तिला लवकर त्याची पिल्लं होतात. क्रूर वाटेल, पण यातली मला सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट पुढची आहे. त्याच नराचा मादीशी संग झाला की त्याच्या डोक्यात जणू घड्याळ लागतं. उंदरिणीचे दिवस साधारण तीन आठवड्यांचे. तेवढे दिवस होत आले की हाच नर पिल्लं मारायचा थांबतो, उलट त्यांना घरट्यात ओढून आणतो, ऊब देतो. स्वतःची कोणती हे तो तोंड पाहून ठरवत नाही, दिवस मोजून ठरवतो. आणि मादीचीही बाजू आहे. नुकतेच दिवस गेलेल्या उंदरिणीला परक्या नराचा नुसता वास आला तरी तिचा गर्भ टिकत नाही. हे हिल्डा ब्रूस या इंग्रज बाईंनी १९५९ साली दाखवलं.

उपाय लांबलचक नाही. एकेक पकडत बसाल तर वारसांची भरती होत राहील. पाच-सहा पिंजरे आणा, एकाच रात्री लावा, लागोपाठ तीन-चार रात्री. कोठी भिंतीपासून हातभर ओढा आणि दगडांवर उचला, म्हणजे खाली झाडू फिरेल. करंगळी जात नाही त्या भोकातूनही लहान उंदीर येतो, सहा-सात मिलिमीटर त्याला पुरतात. भोकं सिमेंट आणि काचेच्या चुऱ्यानं बुजवा. आणि नाल्यापल्याड सोडणं बंद करा. तिथं परक्याच्या हद्दीत तो फार दिवस जगत नाही, आणि जगला तर ते वावर तुमच्या सोयऱ्याचं निघायचं.

सर, आमच्या सपरीतून उंदीर रोज जातो, पण भिंतीच्या कडेनंच. मी पिंजरा मधोमध ठेवते, बेसनाचा लाडू लावते, तो ढुंकून पाहत नाही. एवढा हुशार असतो का?
— एक वाचक भगिनी, पुसदजवळून

ताई, हुशारी नव्हे, मिशा. त्याची नजर आपल्यापेक्षा पुष्कळ अधू. अंधारात तो मिशांनी चालतो, आणि त्या सेकंदाला दहा-बारा वेळा मागेपुढे फिरत असतात. एका बाजूच्या मिशा भिंतीला लागलेल्या असल्या की वाट सापडते. रात्री सपरीत पातळ राख भुरभुरा, सकाळी पावलांची रेघ भिंतीला चिकटून दिसेल.

दुसरं कारण वर आहे. उघड्यावर आलं की वरून झडप पडते, रात्री गव्हाणी घुबडाची, दिवसा वावरात कापशी घारीची. अमेरिकेत २०१३ साली प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या डोक्यावर पडदा लावून त्यावर एक काळा ठिपका भराभर मोठा होत जाईल असं दाखवलं. पक्षी म्हणून ज्यांनी जन्मात पाहिला नाही ते उंदीरसुद्धा आडोशाला पळाले, नाहीतर जागच्या जागी थिजले. तुमच्या सपरीचा मधला भाग त्याला तसलंच उघडं आभाळ आहे.

तेव्हा पिंजरा भिंतीला काटकोनात ठेवा, तोंड भिंतीकडे. लाडू नको, शेंगदाण्याचा कूट गुळात मळून हरभऱ्याएवढा लावा. लहान उंदीर नवी वस्तू दिसली की कुतूहलानं जवळ येतो, पहिल्याच रात्री सापडू शकतो. घूस आणि मोठा काळा उंदीर यांचं उलटं, नव्या वस्तूला ते दिवसेंदिवस टाळतात. त्यांच्यासाठी पिंजरा दार उघडं बांधून, न लावता, आठवडाभर तसाच राहू द्यायचा.

सर, मी आठवीत आहे. उंदीर गातात असं मोबाईलवर पाहिलं. खरं आहे का? मग आम्हाला ऐकू का येत नाही?
— एक विद्यार्थिनी, ता. दिग्रस

खरं आहे, बेटा. तुझ्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, माझ्या कानाला आता त्याच्या निम्माही येत असेल तर नशीब. नर उंदराचं गाणं असतं ५० हजारांच्या वर, काही सूर ७०-८० हजारांपर्यंत. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी २००५ साली ते ध्वनिमुद्रित करून सावकाश लावलं तर पाखरांच्या शिळेसारखं ऐकू आलं, तेच तेच सूर पुन्हा गुंफलेले. गायला मादी समोर लागत नाही, तिच्या मुताचा कापसाचा बोळा ठेवला तरी तो गातो. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लूही असंच उंच ओरडतं आणि आई बरोबर येऊन तोंडात धरून नेते. आपण शेजारी बसून चहा पीत असतो, आपल्याला पत्ता नाही.

यावरून माझी फजिती सांगतो. उंदीर पळवणारं एक यंत्र असतं, बोर्डात खोचायचं, त्यातून म्हणे असाच उंच आवाज निघतो. तालुक्याच्या एका दुकानातून मी ते साडेसहाशेला आणलं. प्राणिशास्त्राचा मास्तर! आठवडाभर जरा सामसूम होती. मग एके सकाळी आमच्या हिनं हाक मारली. यंत्राच्या डोक्यावर लेंड्या होत्या. असा उंच आवाज कट्ट्याच्या पलीकडे जात नाही, भिंत तर सोडच, आणि उंदराला त्याची सवय होते. यंत्र आता नातू रात्रीचा दिवा म्हणून लावतो, त्यात हिरवी बत्ती आहे.

मांजर पाळली, तरी उंदीर तेवढेच. मांजराच्या वासानं पळतात म्हणतात ते खोटं का?
— एक वाचक, ता. घाटंजी

वासाला भितात हे खरं. मांजराच्या लाळेतलं एक प्रथिन उंदराच्या नाकातल्या खास इंद्रियाला लागलं की तो दबकतो, हे २०१० साली सिद्ध झालं, आणि त्यासाठी त्यानं आयुष्यात मांजर पाहिलेलं असायला लागत नाही. पण भिऊन तो घर सोडत नाही, वाट बदलतो. तुमची मांजर सपरीत झोपते आणि धान्य माळ्यावर आहे, असं तुम्हीच पुढं लिहिलंय.

गव्हात बिळं झाली म्हणून झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या. पहिल्या रात्री मेले, मग कोणी तोंड लावेना. हे एकमेकांले सांगतात काय?
— एक शेतकरी, ता. महागाव

अर्धं सांगतात. उंदीर दुसऱ्याचं तोंड हुंगतो आणि त्यानं काय खाल्लं ते ओळखतो. ज्याचा वास आला ते खाणं मग तो बिनधास्त खातो. मोठ्या तपकिरी उंदरांवर हे बारकाईनं तपासलेलं आहे, आणि त्यात एक गंमत निघाली: खाऊन आजारी पडलेल्याचं तोंड हुंगूनही दुसरा ते खाणं टाळत नाही. म्हणजे "चांगलं आहे" एवढीच बातमी पोचते, "खाऊ नको" ही पोचत नाही.

मग तोंड का लावत नाहीत? कारण उरलेल्यांनी स्वतः चाखलेलं असतं. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की तिथल्या आम्लानं विषारी वायू होतो, तोही लवकर. कमी खाल्लेला मरत नाही, पोट धरून बसतो आणि ती चव विसरत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसता भरडा, जरा तेल लावून, बिळाशी ठेवायचा. सवय लागली की एकदाच विषाचा, आणि त्याच हंगामात पुन्हा नाही. त्याआधी संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवा, सकाळी उकरलेली तेवढीच वाहती धरा. हातमोजे घाला, वाऱ्याकडे तोंड करून मिसळू नका, मेलेले उंदीर गोळा करून पुरा. गेल्या वर्षी आमच्या शिवारात कोणी ते तसेच टाकले आणि एक कुत्री गेली.

शेतात सगळे एकच नसतात. दोन-अडीचशे ग्रॅमची घूस गव्हाच्या ओंब्या बिळात साठवते, तुमचं खरं नुकसान तिचं. धुऱ्यावर दहा ग्रॅमचा शेतउंदीरही असतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की त्यालाच काय, सगळ्यांनाच आयती घरं मिळतात.

आमच्या बरडावर धुऱ्याच्या उताराले एका भोकापाशी लहान लहान खड्यांची रास असते. मोडली तं दोन दिवसात पुन्हा होते. घरचे म्हणतात करणी आहे. पाहून सांगा.
— एक वाचक, पत्ता दिलेला नाही

पत्ता दिला असता तर खरंच आलो असतो. तुमच्याकडे बहुतेक राठ, काट्यांसारख्या केसांचा लहान उंदीर राहतो. वॉल्टर इलियट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली धारवाडकडच्या मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी छापली, तिच्यात याचं वर्णन आहे: तांबड्या मुरमाड जमिनीत, उताराच्या अंगाला बीळ, बाहेर खड्यांचा साठा, आणि आत शिरला की तो बिळाचं तोंड खड्यांनी बंद करून घेतो. आतल्या खोलीतही खडेच अंथरलेले, त्यावर तो बसतो. पोटाचे दाट केस त्याला गादीचं काम देतात.

आमच्या बरडावर एक आहे. मी एकदा त्याचे खडे मोजून बाजूला ठेवले, त्रेचाळीस भरले, तुरीच्या दाण्याएवढे. तिसऱ्या सकाळी रास पुन्हा तयार, पण मी हाताळलेल्यांतला एकही खडा त्यात नव्हता. ते त्रेचाळीस जिथं ठेवले तिथंच पडून होते. त्यांना माझ्या हाताचा वास लागला म्हणून की त्याला नवेच सोयीचे पडले, ते तो जाणे.

राशीवर लिंबू, कुंकू काही नव्हतं ना? मग घरच्यांना सांगा, बिऱ्हाड आहे.